अर्थवादाची जागा

वेदातले जे वाक्य काही करायला सांगत नाही, ते कशासाठी आहे? जैमिनींच्या मीमांसासूत्रांत पहिल्या अध्यायाचा दुसरा पाद या प्रश्नाने सुरू होतो. पूर्वपक्ष सरळ आहे. वेदाचे प्रयोजन कर्म सांगणे हे आहे, म्हणून ज्या वाक्यातून कुठलेच कर्म निघत नाही ते निरर्थक मानावे. वायूला उद्देशून करायच्या यागाचा विधी सांगितला की त्याच्या शेजारी वायूच्या वेगाची स्तुती येते. अशा वाक्याला अर्थवाद म्हणतात. ती स्तुती गाळली तरी याग तसाच होईल आणि आहुती तितक्याच पडतील. मग ती राखायची कशाला? मीमांसकांनी या शंकेला दिलेले उत्तर यज्ञशाळेपुरते राहिलेले नाही. शिवाजी महाराजांचा १६७४ सालचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे याच शास्त्राचे ग्रंथकार होते; धर्मनिर्णयापासून व्यवहारातल्या वादापर्यंत वाक्यार्थ लावायची मोठी शिस्त मीमांसेने पुरवली. आज ती शिस्त एका अगदी वेगळ्या ठिकाणी उपयोगी पडते. संगणकाचा सोर्स कोड नीटनेटका मांडून देणाऱ्या साधनाला फॉरमॅटर म्हणतात, आणि फॉरमॅटर लिहायला बसलेल्या माणसापुढे जैमिनींचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. कोडमधला काही मजकूर यंत्राने पाळायचा असतो. काही मजकूर, म्हणजे कॉमेंट, यंत्र वाचतही नाही. त्या मजकुराचे काय करायचे हे ठरवण्याआधी अर्थ कुठे राहतो हे ठरवावे लागते. तिथे मीमांसकांचा सिद्धान्तच खरा आहे, आणि फॉरमॅटर बरोबर कधी म्हणावा याची कसोटीही त्यातून मिळते, असे माझे म्हणणे आहे.

फॉरमॅटरचे काम ऐकायला साधे वाटते. वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला कोड एका वळणाने मांडायचा: ओळ किती लांब असावी, आतली ओळ किती आत सरकावी, कंस कुठे मिटावा. डेरेक ओपेन यांनी १९८० साली या मांडणीची एक पद्धत प्रसिद्ध केली, पुढे फिलिप वॉडलर यांनी तिचे अधिक सुटसुटीत, बीजगणिताच्या वळणाचे रूप दाखवले. २००९ मध्ये गो ही भाषा जाहीर झाली तेव्हा गोफम्ट तिच्या सोबतच आले. जावास्क्रिप्टसाठी २०१७ मध्ये प्रिटियर आले, पायथनसाठी २०१८ मध्ये ब्लॅक. यांची मूळ रीत मिळतीजुळती आहे. आधी कोड वाचून त्याच्या वाक्यरचनेचा वृक्ष तयार करायचा, म्हणजे कोणते पद कोणत्या वाक्यात आणि कोणते वाक्य कोणत्या फंक्शनमध्ये हे नाते मांडायचे. मग मूळ मांडणी बाजूला ठेवून तो वृक्ष नव्याने मजकुरात उतरवायचा. खरी अडचण या वृक्षातच दडलेली आहे. तो मुळात कंपायलरच्या, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, गरजेतून जन्मला, आणि कंपायलरला कॉमेंटशी देणेघेणे नसते. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात तर नियमच आहे की भाषांतराच्या तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक कॉमेंटच्या जागी एक रिकामी जागा घालावी. पायथनच्या स्वतःच्या एएसटी या वृक्षातही सामान्य कॉमेंटला फांदी नाही. अशा वृक्षावरून मजकूर पुन्हा उभा केला तर प्रोग्रॅम तंतोतंत तोच चालतो, आणि माणसाने माणसासाठी लिहिलेले सगळे नाहीसे होते.

आता पूर्वपक्षाचे म्हणणे कोडच्या भाषेत मांडून पाहू. प्रोग्रॅमचा अर्थ म्हणजे तो चालवल्यावर जे घडते ते. दोन मजकूर चालवल्यावर अगदी तेच घडत असेल तर त्यांचा अर्थ एकच. कॉमेंट काढल्याने काहीच वेगळे घडत नाही, म्हणून कॉमेंट निरर्थक आणि ती काढणारा फॉरमॅटर निर्दोष. या युक्तिवादात तर्काची चूक सापडत नाही, तरी तो कुणीही पाळत नाही. सगळ्या कॉमेंट पुसून टाकणारा फॉरमॅटर कुणी एक दिवसही वापरणार नाही, आणि एखादीच कॉमेंट हरवली तरी ती त्या साधनातली गंभीर चूक धरली जाते. कॉमेंट मुद्दाम काढणारी साधने आहेत, हे खरे. जावास्क्रिप्ट आकसवून छोटी करणारी साधने तेच करतात. पण त्यांच्यातून निघालेल्या मजकुराला सोर्स कोड कुणी म्हणत नाही. तो यंत्राकडे पाठवायचा माल असतो. शिवाय परवान्याची, हक्काची खूण असलेली कॉमेंट तेवढी राखून ठेवायची प्रथा त्या साधनांतही आहे. डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये साक्षर प्रोग्रॅमिंगची कल्पना मांडली तेव्हा हा भेद त्यांनी दोन वेगळ्या प्रोग्रॅमांत उतरवला. एकाच मूळ ग्रंथातून टँगल हा प्रोग्रॅम यंत्रासाठी कोड काढी, आणि वीव्ह हा वाचकासाठी छापील रूप विणी. विवेचन गाळलेला टँगलचा मजकूर मूळ ग्रंथापासून निपजलेला असे. ग्रंथाची जागा तो घेत नसे. म्हणजे आपले सगळे आचरण एका बाजूने साक्ष देते. सोर्स कोडचा अर्थ त्याच्या चालण्याहून मोठा आहे, असे आपण मानतोच. फक्त ते मानण्याचे कारण आपण सहसा सांगत नाही.

ते कारण मीमांसकांनी सांगून ठेवले आहे. सिद्धान्त असा की अर्थवाद विधीपासून वेगळा काढून त्याचा अर्थ विचारणे हीच चूक आहे. अर्थवाद आणि विधी मिळून एक वाक्य होते. त्याला ते एकवाक्यता म्हणतात. स्तुती स्वतः काही करायला सांगत नाही, पण जे करायला सांगितले आहे ते का करावे, त्याकडे मन कसे वळावे, हे ती पुरवते. विधीला तिची आकांक्षा असते आणि तिला विधीची. अर्थवादाचे जे चार प्रकार परंपरेने सांगितले तेही कोडमध्ये ओळखू येतात. स्तुती: ही पद्धत निवडली कारण मोठ्या यादीवरही ती वेगाने चालते. निंदा: या दोन ओळींची अदलाबदल करू नका, केली तर हिशेब चुकेल. परकृती, म्हणजे दुसऱ्या कुणी काय केले त्याचा उल्लेख: समोरची यंत्रणा तारीख उलटी पाठवते, म्हणून ही कसरत. पुराकल्प, म्हणजे पूर्वी काय घडले त्याची हकीकत: आधी इथे साधा शोध होता, तो भाराखाली टिकला नाही. या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. ओळ काय करते हे कोडमधून कळते. ती तशीच का आहे आणि वेगळी का नाही, हे कळत नाही. पुढचा माणूस ती ओळ बदलायला हात घालतो तेव्हा त्याला हेच कळायला हवे असते. कोड बदलला जाणारच असतो, म्हणून त्याच्या अर्थात तो बदलणाऱ्याला सांगायची गोष्टही येते. कॉमेंट या दृष्टीने विधीचाच भाग ठरते, आणि तिचा अर्थ तिच्या ओळीशी असलेल्या नात्यात राहतो.

अर्थ नात्यात राहतो असे मानले की फॉरमॅटरचे कर्तव्य एका पायरीने वाढते. कॉमेंट नुसती शिल्लक राहून भागत नाही; ती योग्य ओळीच्या शेजारी राहिली पाहिजे. समजा, एका यादीत तीन आकडे तीन ओळींवर आहेत आणि मधल्या आकड्याशेजारी कॉमेंट आहे की ही मर्यादा करारात ठरलेली असल्याने बदलू नये. मांडणी बदलताना फॉरमॅटरने तिन्ही आकडे एका ओळीत आणले आणि कॉमेंट शेवटी ढकलली, तर एकही अक्षर हरवलेले नाही. तरी आता ती तिसऱ्या आकड्याबद्दल बोलते आहे आणि खोटे बोलते आहे. मूळ लेखक खोटे बोलला नव्हता; साधनाने त्याच्या तोंडी खोटे घातले. हरवलेल्या कॉमेंटपेक्षा ही चूक मला अधिक वाईट वाटते, कारण हरवलेल्या कॉमेंटवर कुणी विसंबून राहत नाही. आणि ही चूक नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. ब्लॅकसारखे साधन काळजी म्हणून आधीचा आणि नंतरचा वृक्ष काढून दोन्ही जुळतात का ते पाहते. ही काळजी स्तुत्य आहे, पण ज्या वृक्षात कॉमेंटला जागाच नाही त्या वृक्षांची तुलना कॉमेंटबद्दल काय सांगणार? कॉमेंट गेली काय किंवा भलत्या ओळीला चिकटली काय, दोन्ही वृक्ष सारखेच निघतील. आपण अर्थ ज्या मापाने मोजतो ते माप पूर्वपक्षाचे असेल, तर पूर्वपक्षाला न दिसणारी हानी त्या मापालाही दिसत नाही.

मग कॉमेंट कोणत्या ओळीची हे कसे ठरवायचे? प्रिटियर प्रत्येक कॉमेंटसाठी तीन शेजारी शोधते: तिला वेढून असणारा भाग, तिच्या आधीचा भाग आणि नंतरचा भाग. त्यावरून कॉमेंट पुढच्याची, मागच्याची की लोंबकळती, हे ते ठरवते. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेचा रोझलिन हा कंपायलर रिकाम्या जागा आणि कॉमेंट यांना ट्रिव्हिया म्हणतो, आणि ओळ संपेपर्यंतची ट्रिव्हिया मागच्या टोकनला, म्हणजे कोडमधल्या सुट्या पदाला, आणि त्यापुढची पुढच्या टोकनला जोडतो. ट्रिव्हिया म्हणजे क्षुल्लक गोष्टी. नाव क्षुल्लकाचे असले तरी रोझलिनच्या वृक्षातून मूळ मजकूर अक्षरशः जसाच्या तसा परत मिळतो, आणि ही हमी त्या रचनेचा पाया आहे. गोच्या प्रमाण वृक्षात बहुतेक कॉमेंट वेगळ्या यादीत त्यांच्या ठिकाणांसह ठेवल्या जातात आणि छापताना ठिकाण पाहून मध्ये सोडल्या जातात. म्हणून कुणी वृक्षात फेरफार केला की ठिकाणे आणि ओळी यांची फारकत होते आणि कॉमेंट भलतीकडे उमटतात. या तिन्ही पद्धती वेगळ्या असल्या तरी कॉमेंट कुणाची हे तिन्ही ठिकाणी शेवटी ती कुठे आहे यावरूनच ठरते.

इथे मीमांसेचा आणखी एक भाग उपयोगी पडतो. गौण गोष्ट कोणत्या मुख्य गोष्टीचे अंग आहे हे ठरवण्यासाठी जैमिनींनी तिसऱ्या अध्यायात सहा प्रमाणे सांगितली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. दोन प्रमाणांत विरोध आला तर आधीचे बलवान, नंतरचे दुर्बळ, कारण नंतरचे प्रमाण अर्थापासून अधिक दूर पडते. या क्रमात नुसते स्थान पाचवे आहे. शब्दांतून उघड सांगितलेला संबंध, शब्दांचे सामर्थ्य, वाक्यातला अन्वय, प्रकरण, हे सगळे त्याहून वरचे. माणूस कॉमेंट वाचतो तेव्हा तो ही वरची प्रमाणे सहज वापरतो. कॉमेंटमध्ये एखाद्या चलाचे नाव आले तर ती त्याची. मर्यादेबद्दल बोलत असेल तर आकड्याची, पळवाटेबद्दल बोलत असेल तर अटीची. फॉरमॅटरला यातले काहीच वाचता येत नाही. कॉमेंट कोणत्या फंक्शनच्या आत आहे हे त्याला कळते, त्याला फार तर प्रकरणाची छाया म्हणता येईल. बाकी त्याच्या हाती उरते ते स्थान: त्याच ओळीवर आहे की वेगळ्या ओळीवर, मध्ये रिकामी ओळ आहे की नाही. दुर्बळ प्रमाणावरून निर्णय घ्यावा लागणे हे पाप नव्हे. दुसरे प्रमाण नसेल तिथे मीमांसकही स्थानावर विसंबतात. पण आपले प्रमाण दुर्बळ आहे याचे भान निर्णयात दिसले पाहिजे. ज्याला स्थानाखेरीज काही दिसत नाही त्याने स्थान मोडताना सर्वांत जास्त जपले पाहिजे, कारण वाचणाऱ्यापर्यंत नाते पोचवणारा तोच एक धागा त्याच्या हातून जातो.

हे भान नसले तर काय होते याचे पुरावे बारीक आणि ठोस आहेत. अनेक भाषांत दोन तिरप्या रेघांनी सुरू झालेली कॉमेंट ओळीच्या अखेरपर्यंत पसरते. फॉरमॅटरने पुढची ओळ उचलून तिच्या मागे जोडली, तर ती पुढची ओळ कॉमेंटच्या पोटात जाते. पाळायचा विधीच मुका होतो. गोमध्ये एखाद्या घोषणेच्या लगेच वर असलेली कॉमेंट तिची अधिकृत माहिती म्हणून दाखवली जाते, आणि मध्ये एक रिकामी ओळ शिरली की ते नाते तुटते. पायथनमध्ये फाइलचे अक्षरसंकेतन (एन्कोडिंग) कोणते हे सांगणारी कॉमेंट पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीवरच असावी लागते. ती खाली सरकली तर त्याच बाइटांचा वेगळा मजकूर वाचला जाऊ शकतो. पुढच्या ओळीपुरती तपासणी थांबवा, असे दुसऱ्या साधनाला सांगणाऱ्या कॉमेंटही असतात, आणि त्या एका ओळीने चुकल्या तरी निकामी होतात. म्हणजे अर्थवादाच्या वेशात विधी वावरत असतो. विधीसारखी दिसणारी वाक्ये प्रत्यक्षात अर्थवाद कशी, यावर मीमांसेत स्वतंत्र अधिकरण आहे. कोडमध्ये उलटाही प्रकार घडतो. आणि एक प्रकार याहून विलक्षण आहे. एखाद्या फंक्शनच्या आत एकही विधान नसते, फक्त कॉमेंट असते की इथे मुद्दाम काही केलेले नाही. तिला जोडायला आत पदच नाही, म्हणून ती लोंबकळती. पण तिथला सगळा अर्थ तिच्यातच आहे: अभाव हा विसरल्याचा की ठरवून ठेवलेला, हे तीच सांगते. अभावालाही पदार्थ मानणाऱ्या वैशेषिकांना तिचे महत्त्व समजावून सांगावे लागले नसते.

वाहकाला निरर्थक वाटलेली खूण गळाली की पुढच्या पिढ्यांना काय भरावे लागते, याचे उदाहरण आपल्याच वाङ्मयात आहे. पाणिनींच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि ती एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की तिला नियमांचा प्रोग्रॅम म्हणणे अतिशयोक्ती होत नाही. एखादे अधिकारसूत्र पुढच्या सूत्रांवर चालू राहते याची खूण म्हणून त्यावर स्वरित हा स्वर असावा, असे पाणिनींनी पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सांगितले. त्याच पादात अनुनासिक स्वर हा इत्, म्हणजे व्यवस्थेपुरता लावलेला आणि नंतर लोप पावणारा, असेही सांगितले. या दोन्ही खुणा उच्चारात होत्या. सूत्रांचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या कमालीच्या काटेकोरपणे पोचले, पण या खुणा आपल्यापर्यंत आलेल्या पाठात नाहीत. त्यामुळे कोणता स्वर अनुनासिक धरायचा आणि कोणता अधिकार कुठवर चालतो हे वैयाकरणांच्या परंपरेवरून, टीकाकारांच्या शब्दावरून स्वीकारावे लागते. एकही शब्द न गमावता अर्थाचा एक पूर्ण थर हरवू शकतो, आणि तो परत उभा करायला शतकानुशतकांची विद्वत्ता खर्ची पडते. ज्याने खूण गाळली त्याला ती गाळताना काही गमावल्यासारखे वाटलेही नसेल, कारण शब्द तर सगळे होते. कॉमेंट हलवणाऱ्या फॉरमॅटरची चूक जातीने हीच आहे, प्रमाणाने लहान असेल.

यावर पहिला आक्षेप व्यवहारातून येतो. कॉमेंट शिळ्या होतात, कोड बदलतो आणि त्या जुन्याच राहतात. चांगल्या कोडला कॉमेंट लागूच नये, नावे आणि रचना बोलकी असावीत. अशा संशयास्पद मजकुरासाठी साधनाने एवढे जिवाचे रान का करावे? आक्षेपातले तथ्य मला मान्य आहे. शिळी कॉमेंट दिशाभूल करते आणि ती काढणे हे चांगले काम आहे. पण ते काम कुणाचे, हा प्रश्न वेगळा आहे. कॉमेंट शिळी आहे हे ठरवायला ती वाचून कोडशी ताडून पाहावी लागते, आणि फॉरमॅटरला नेमके तेच जमत नाही. ज्याला पारख नाही त्याने निवाडा करू नये. शिवाय शिळी कॉमेंटसुद्धा पुरावा असते: पूर्वी काय अभिप्रेत होते आणि कोड कुठे वळला, हे तिच्यातून कळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, सगळे काम १९६६ मध्ये संपले. तिच्यात निवडलेला पाठ वर छापला आहे, आणि न स्वीकारलेले पाठभेद व प्रक्षिप्त ठरवलेला मजकूर तळटिपांत आणि परिशिष्टांत सांभाळला आहे. जाणत्या संपादकांनी अभ्यासाअंती नाकारलेलेही फेकले नाही. अभ्यास न करणाऱ्या साधनाला फेकण्याचा अधिकार कुठून येणार?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अर्थ जर स्थानातही असेल, तर फॉरमॅटर जिथे हात लावतो तिथे अर्थच बिघडवतो. कुणीतरी आकड्यांचे कोष्टक जपून उभ्या रांगांत मांडलेले असते. फॉरमॅटर ते एका झटक्यात सरळ करून टाकतो. मग कॉमेंटचे स्थान पवित्र आणि रिकाम्या जागेचे नाही, हा भेद कशाच्या जोरावर? या आक्षेपाला उत्तर देताना काही सोडावे लागते आणि ते मोकळेपणाने सोडले पाहिजे. होय, मांडणीतही अर्थ असतो, आणि म्हणूनच जाणत्या फॉरमॅटरांनी तोही काही प्रमाणात राखला आहे. गोफम्ट आणि प्रिटियर एकापाठोपाठच्या अनेक रिकाम्या ओळींची एक करतात, पण ती एक ठेवतात, कारण ती परिच्छेद पाडते. आणि एखादा भाग अजिबात हलवू नका असे सांगायची सोय ब्लॅक, प्रिटियर अशा साधनांत आहे. विशेष म्हणजे ती सूचनासुद्धा कॉमेंटमधूनच द्यायची असते. उरलेला भेद मात्र खरा आहे. ओळ चार जागा आत सरकवावी की दोन, हे बहुधा सवयीने ठरते आणि एका गटाने ती सवय सोडायची असे मिळून ठरवलेले असते. फॉरमॅटर वापरणे म्हणजेच तो करार. कॉमेंट काय म्हणते आणि कशाबद्दल म्हणते, हे कुणी त्या करारात सोडून दिलेले नसते. जे सोपवले तेवढेच बदलावे, ही मर्यादा त्या करारातूनच येते.

तिसरा आक्षेप मीमांसेच्या बाजूने येतो, आणि तो टाळता येणार नाही. वेद अपौरुषेय, त्याला कर्ता नाही, असे मीमांसक मानतात. म्हणून त्यातले एकही अक्षर व्यर्थ नाही असा त्यांचा आग्रह. प्रोग्रॅम माणसांनी लिहिलेला, घाईत लिहिलेला, चुकांनी भरलेला. त्याला वेदाचे नियम लावणे म्हणजे वेदाला खाली ओढणे किंवा कोडला फाजील मोठेपण देणे नव्हे काय? मला वाटते, कर्ता नाही हा मीमांसकांचा सिद्धान्त स्वीकारायची इथे गरज नाही. त्या सिद्धान्तामुळे त्यांना जी पद्धत घडवावी लागली ती पुरेशी आहे. कर्ता नसल्यामुळे त्याला काय म्हणायचे होते असे विचारण्याची वाट त्यांना बंद होती. सगळा निर्णय मजकुराच्या आतल्या नात्यांवरून करावा लागला. फॉरमॅटर याच अवस्थेत असतो. कोड लिहिणारा माणूस जगात असतो, पण फॉरमॅटरला तो भेटत नाही, आणि समोर मजकुराखेरीज काही नसते. साधनाच्या दृष्टीने प्रत्येक कोड अपौरुषेयासारखाच असतो. फरक आहे तो फॉरमॅटरच्या बाजूला झुकणारा आहे. मीमांसकाला संशयातही निर्णय द्यावा लागे, कारण याग करायचा असे. फॉरमॅटरला संशय आला तर थांबता येते, कारण त्याच्यामागे लेखक किंवा त्याचा वारस आहे आणि तो विचार करू शकतो. रस्ट भाषेचा रस्टफम्ट हे करतो. नव्या मांडणीत कॉमेंट गमावली जाईल असे दिसले तर तो तेवढा भाग मूळ रूपात तसाच सोडतो. मांडणी ओबडधोबड राहते, पण कुणाचे बोलणे पुसले जात नाही.

या सगळ्यातून फॉरमॅटरच्या बरोबरपणाची कसोटी आता नीट सांगता येते. कोड चालवल्यावर तेच घडते का, ही पहिली पायरी. ती आवश्यक आहे, पुरेशी नाही. प्रत्येक कॉमेंट शिल्लक आहे का, ही दुसरी. ती मोजता येते, म्हणून न मोजण्याला सबब नाही. प्रत्येक कॉमेंट आधी ज्याच्या शेजारी होती त्याच्याच शेजारी आहे का, ही तिसरी, आणि खरी अवघड. त्याच साधनातून कोड दुसऱ्यांदा काढला तरी तो तसाच राहतो का, हेही पाहिले पाहिजे, कारण दर खेपेला एक पाऊल सरकणारी कॉमेंट शेवटी परक्या ओळीपाशी पोचते. आणि या पायऱ्या जिथे पाळता येणार नाहीत तिथे मांडणीचा हट्ट सोडून मजकूर जसा आला तसा परत द्यावा. ही शिस्त वरवर संकोचाची वाटेल, पण तिच्यामागे अर्थाबद्दलची ठाम भूमिका आहे. आपल्याला जे वाचता येत नाही ते अर्थहीन असते, असे पूर्वपक्ष गृहीत धरतो. सिद्धान्त सांगतो की ते कुठल्यातरी वाक्याचा उरलेला अर्धा भाग असू शकते. मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात नेणाऱ्या प्रत्येकावर, मग तो लेखनिक असो, संपादक असो की यंत्र, हे बंधन येते. दुसरा अर्धा भाग जाणणारा वाचक पुढे येईपर्यंत तो तुकडा त्याच्या जागी ठेवायचा, म्हणजे त्या वाचकाला वाक्य पूर्ण करता येईल.